परळचे छप्पर आणि शिवडीचे पक्षी

सांगलीहून मुंबईला जाऊन येणे हा काही वर्णन करण्याजोगा प्रवास नव्हे, याची मला कल्पना आहे. लोक हिमालयात जातात, समुद्रापार जातात आणि मग लिहितात. माझे तीन दिवस लालबाग, शिवडी, परळ, दादर आणि गिरगाव एवढ्याच टापूत गेले. शिवाय मला लिहिण्याची सवय नाही. पस्तीस वर्षे मी सांगलीच्या तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवले. आयुष्यभर रेषा काढल्या, वाक्ये कधी काढली नाहीत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे पहिलेच लेखन. ज्यांनी ती गाडी पाहिलेली नाही आणि ज्यांनी ते छप्परही पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. गाडी केव्हातरी रस्त्यावर दिसेल. छप्पर आता कोणालाच दिसणार नाही.

निमित्त झाले ते मंदाच्या फोनचे. मंदा माझी मामेबहीण. लालबागच्या चाळीत वडिलांसोबत राहते आणि एका विमा कचेरीत काम करते. तिने मामांना फोनवर एका परदेशी गाडीची चित्रफीत दाखवली होती. शर्यतीच्या वेगाने धावणारी, छप्पर उघडणारी दोन दारांची गाडी. गंमत म्हणून दाखवली. मामांनी ती तीनदा पाहिली आणि म्हणाले, हे छप्पर माझे आहे.

"आणि दादा, त्या छपराचा डिझायनर कोण माहितीये?" मंदा म्हणाली. "तुझा तो कॉलेजातला मित्र. अविनाश. गाडी घेऊन परळला येतोय, तीन दिवस. तू ये."

लालबाग

लालबागेत शिरताना अजूनही आधी शिंक येते आणि मग पत्ता सापडतो. मसाल्याच्या दुकानांतून मिरची कुटली जात असते आणि तिचा खकाणा बारा महिने हवेत असतो. मामांच्या चाळीसमोर करी रोडच्या बाजूला आता एक टोलेजंग इमारत उभी आहे, त्यामुळे दुपारी तीनलाच गॅलरीतले ऊन जाते. वाळत घातलेले कपडे लोक तीनच्या आत काढतात. त्याविषयी कोणी तक्रार करताना दिसले नाही.

मामा दारातच खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ.

"इलस? बस. आधी जेव, मगे बोल."

आमच्या सांगलीत पाहुण्याला आधी पाणी, मग गूळ किंवा चहा, मग "जेवून जाणार ना?" अशी पायरीपायरीने चढण असते. लालबागेत कोणी विचारत नाही. ताट समोर येते. उकडा भात, कालवण, सुकटीची किसमूर. मी जेवत असतानाच मंदाने फोन माझ्या ताटाशेजारी पेल्याला टेकवून उभा केला आणि चित्रफीत लावली.

मामांनी काचेवर बोट ठेवले. चित्र थांबले.

"ही पट्टी बघ. वाकडी. ही दुसऱ्या कोणाक सुचाची नाय. दुसऱ्याच्या वाटेत तो पायप खय होतो?"

इथे मला थोडे मागे जावे लागेल. मामा, म्हणजे भिकाजी गोविंद परब, परळच्या एका कापड गिरणीत मागांचे फिटर होते. गिरणीच्या भिंतीला लागून गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना होता. वर ताडपत्री, खाली बांबू. मूर्ती इतक्या उंच होत्या की बाहेर काढताना दरवर्षी छप्पर उसवावे लागे. त्यात दोन दिवस जात, आणि तेवढ्यात एखादी सर आली की रंग धुऊन जाई. मामांनी पाळी संपल्यावर तिथे जाऊन एक छप्पर बांधले. शिवडीच्या गोदामांतून आलेल्या चहाच्या खोक्यांच्या प्लायचे तीन पत्रे, एकमेकांना कड लावून. वर ताणलेली ताडपत्री. मिटलेले असताना ते घुमटासारखे एकसंध दिसे आणि वाऱ्याने फुगत नसे. दोर ओढला की पत्रे एकावर एक येत, आणि सगळ्यांत पुढचा पत्रा सगळ्यांत वर येऊन बसे. म्हणजे छपराचा एक भाग छपराचेच झाकण होई. दोन माणसे, एक दोर, आणि चहा निवायच्या आत आभाळ मोकळे.

भिंतीवरून पाण्याचा एक जाड पाइप खाली येत होता. पत्र्यांना जोडणारी लोखंडी पट्टी उघडताना त्याला अडे. पाइप हलवणे शक्य नव्हते, म्हणून मामांनी मागाची एक जुनी पट्टी तापवून वाकवली आणि पाइपाला वळसा दिला. ते छप्पर नऊ वर्षे चालले. मग कारखाना हलला, गिरणी बंद झाली, जागा गेली.

"त्याचो कागद ह्येनाच काढलेलो," मामा माझ्याकडे बोट दाखवून मंदाला म्हणाले.

मी कालवण भातावर घेतले.

"आम्हाला काही नको त्याच्याकडून," मंदा म्हणाली. "उद्या गाडीच्या कार्यक्रमात स्टेजवरून त्याने फक्त एकदा बाबांचं नाव घ्यायचं. बाबा समोर बसलेले असताना. तू त्याला आधी सांगून ठेव."

"मामा स्वतःच त्याला भेटून सांगतील की. मी ओळख करून देतो."

"आपला नाव आपण सांगूचा नसता," मामा म्हणाले. "दुसऱ्यान घेवचा आसता."

बाहेरच्या वाचकाला हे कळायचे नाही. इथल्या मंडळांत विसर्जनानंतर एक दिवस राबलेल्या माणसांचा असतो. सुतार, रंगारी, मंडप बांधणारा, दिवे लावणारा. एकेकाचे नाव दुसरा कोणीतरी मोठ्याने पुकारतो आणि त्याच्या हातात नारळ देतो. स्वतःहून पुढे गेलेल्याला नारळ मिळत नाही. मिळतो तो टोमणा. मामांच्या छपराचे नाव कधी पुकारले गेले नाही, कारण छप्पर कारखान्याचे होते, मंडळाचे नव्हते. कारखान्यात पुकारायची रीत नव्हती.

मंदाने फळीवरून एक सोललेला, शेंडीचा नारळ काढून मला दाखवला. "हा घेऊन जाणार आहे उद्या. नाव घेतलं की हा तुझ्या मित्राच्या हातात द्यायचा, त्याने बाबांना द्यायचा. सांगशील ना?"

"बघतो."

"बघतो नाही, दादा. सांगतो म्हण."

"सांगतो," मी म्हणालो.

शिवडी

अविनाशने मला सकाळी शिवडीच्या जेट्टीवर बोलावले होते. गोदामांमधून, उभ्या ट्रकांच्या रांगेतून चालत गेले की रस्ता एकदम संपतो आणि चिखल सुरू होतो. तळहातासारखा उघडा, चकाकणारा चिखल. त्यात कलंडलेल्या दोन गंजक्या बोटी. आणि पलीकडे, पाण्याच्या कडेला, गुलाबी रेघ. ती रेघ हलली तेव्हा कळले की ते पक्षी आहेत. आमच्या लहानपणी इकडे कोणी पक्षी बघायला येत नसे. आता माणसे लांब नळीचे कॅमेरे घेऊन उभी असतात आणि सगळे त्यांना फ्लेमिंगोच म्हणतात.

जेट्टीवर ती गाडी उभी होती. राखाडी, बुटकी, रुंद. तिच्याशेजारी अविनाश. केस पांढरे झाले आहेत, बाकी तसाच.

"वश्या! अरे, तू तर अजिबात बदलला नाहीस. अजूनही दहा फुटांवरून नमस्कार करतोस."

त्याने माझ्यासाठी एक कळ दाबली. आकस ठेवून पाहायचे असे ठरवून गेलो होतो, तरी लिहायला हवे: ते छप्पर सुंदर आहे. वरून कापड, पण खाली पातळ धातूचे तीन पत्रे कडेला कड लावलेले, त्यामुळे मिटलेले असताना शिवण दिसत नाही, आणि वेगात कापडी छप्पर फुगते तसे ते फुगत नाही. उघडताना पत्रे एकमेकांवर सरकतात आणि पुढचा पत्रा वर येऊन झाकण होतो. वेगळे झाकण नाही, म्हणून मागे जागा उरते. बारा सेकंद. आवाज एवढाच, जणू कोणी घडी घातलेले धोतर झटकले. आणि कडेला, एका क्षणापुरती, ती वाकडी पट्टी पुढे आली आणि जिथे काहीच नव्हते तिथे वळसा घालून मागे गेली. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या पाइपाला.

"ती पट्टी," मी म्हणालो.

"म्हटलं, कधी विचारतोयस!" अविनाश हसला. "तुझीच आहे. तुझ्या डिप्लोमाच्या ड्रॉइंगची प्रिंट तू मला दिली होतीस, आठवतं? मी बाहेर निघालो तेव्हा. एवढी वर्षं माझ्याकडे होती. सरळ पट्टी टाकून आम्ही चार वेळा मॉडेल केलं, चारही वेळा पत्रे एकमेकांतच अडकले. मग तुझा कागद काढला. वश्या, तू हे विशीत केलंस! आज संध्याकाळी मी तुझं नाव घेणार आहे स्टेजवरून. आमच्या जाहिरातवाल्यांना ही पक्ष्यांची गोष्ट हवीये, पंख मिटणारा फ्लेमिंगो वगैरे. म्हणून तर इथे शूटिंग. पण मी त्यांना सांगितलं, खरं आहे ते मी बोलणार. कागदावर नाव आहे त्याचं."

कागदावर नाव होते. प्रत्येक आरेखनाच्या उजव्या कोपऱ्यात नावांची एक चौकट असते. पहिले घर संकल्पना कोणाची यासाठी, दुसरे आरेखन कोणाचे यासाठी. तोंडी परीक्षेच्या सकाळपर्यंत माझे पहिले घर रिकामे होते. माझे वडील गिरगावात राहून एका पेढीत कारकुनी करत, आणि आईचे माहेर गिरणीतले आहे हे आमच्याकडे चारचौघांत सांगितले जात नसे. वर्गात कोणालाच ते ठाऊक नव्हते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिकाम्या घरावर पेन्सिल टेकवून विचारले, "संकल्पना कोणाची?" मागे बाकावर अविनाश आणि आणखी चौघे बसले होते. मी म्हणालो, "माझीच, सर." ते म्हणाले, "मग लिहा की." मी तिथेच, उभ्याउभ्या, शाईने लिहिले.

मामांनी ते छप्पर मला तीन रविवार समजावून सांगितले होते. तिसऱ्या रविवारी पट्टी सरळ करण्याचा प्रयत्न मी कागदावर केला होता, कारण वाकडी पट्टी कागदावर अडाणी दिसत होती. जमले नाही, म्हणून ठेवली.

आता जेट्टीवर मला एवढेच म्हणायचे होते: ते माझे नव्हे, मामांचे. चार शब्द. अविनाश वाईट माणूस नाही. त्याने हसून, थोडे चिडवून, मामांचे नाव घेतले असते. पण त्याआधी त्याने एकदा माझ्याकडे पाहिले असते. आणि नाही सांगितले, तर संध्याकाळी मामा पहिल्या रांगेत बसलेले असताना त्यांच्या छपराला माझे नाव पुकारले गेले असते.

"नको, अविनाश," मी म्हणालो. "माझं नाव नको. पक्ष्यांचीच गोष्ट राहू दे."

"वेडा आहेस का?"

"खरंच नको. मला ते आवडणार नाही."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खरोखरच ओलावले होते. "तुझ्यासारखी माणसं राहिली नाहीत रे," तो म्हणाला.

चिखलातली गुलाबी रेघ उठली, आकाशात एक फेरी मारली आणि पुन्हा त्याच जागी बसली. कॅमेरावाल्याला ते फार आवडले.

परळ

कार्यक्रम ज्या आवारात होता ते मामांच्या गिरणीचे आवार. आता तिथे काचेची दुकाने आहेत. चिमणी मात्र राखली आहे. तिला खालून निळे दिवे लावले आहेत आणि लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

मामांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मंदाच्या पिशवीत नारळ होता. फाटकावरच्या रखवालदाराने मामांना थांबवले.

"आजोबा, पास?"

"तीस वर्सा मी ह्याच गेटातसून आत गेलंय. माका पास?"

"आजोबा, हे गेट तीन वर्षांपूर्वी बसवलंय."

"मगे जुना खय ठेवलास?"

रखवालदार हसला आणि मी निमंत्रण दाखवल्यावर त्याने मामांना हात देऊन पायरीवर चढवले. आत गेल्यावर मामा कॉफीच्या एका दुकानापुढे थांबले. "हय विणाईखाता होता," ते म्हणाले. "तो पोरगो बसलो आसा ना, थय माझो आठ नंबरचो माग." तो मुलगा कानांत काहीतरी घालून संगणकावर काम करत होता. मामा थोडा वेळ त्याच्या टेबलाच्या पायांकडे पाहत राहिले, जणू खाली अजून बोल्ट असतील.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. दिवे मंदावले, पडद्यावर सकाळचे पक्षी आले. मंदाने फोन उभा धरून चित्रीकरण सुरू केले. नाव येईल तेव्हा सुटायला नको म्हणून पहिल्या शब्दापासून. अविनाश चांगला बोलला. छपराची घडी त्याने हाताच्या तीन बोटांनी दाखवली. मग म्हणाला, "सगळे मला विचारतात, ही पट्टी वाकडी का? त्याचं उत्तर या शहरात आहे." मंदाने दुसऱ्या हाताने पिशवीतला नारळ काढून मांडीवर घेतला.

"शिवडीचा फ्लेमिंगो," अविनाश म्हणाला. "उतरताना तो पंख असा, वळवून मिटतो."

टाळ्या.

"पक्षी खयचो?" मामा मोठ्याने म्हणाले. त्यांना हल्ली आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "थय पायप होतो."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मंदाने माझ्याकडे पाहिले. स्टेजवरून अविनाशही माझ्याकडेच पाहत होता, डोळ्यांत कौतुक घेऊन. त्याने खूण केली, आणि प्रश्न विचारण्यासाठी फिरणारा माइक सगळ्यांत आधी माझ्या हातात आला.

माइक जड असतो, हे मला माहीत नव्हते. समोर अविनाश, डावीकडे मामा, त्यांच्या पलीकडे मंदा आणि मांडीवर नारळ. मामा माझ्याकडे वळून, कानामागे हात धरून, नीट ऐकायच्या तयारीत बसले.

मी विचारले, "या छपराचे वजन किती आहे?"

अविनाशने वजन सांगितले. माइक पुढे गेला.

बाहेर आल्यावर मंदा म्हणाली, "तू सकाळी त्याला सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"बाबांचं नाव सांगितलं होतंस?"

"हो."

"मग चोर आहे तुझा मित्र," ती म्हणाली. "सरळ सरळ चोर. आणि वर तुझ्याकडे बघून हसतोय."

चिमणीचे दिवे निळ्याचे जांभळे झाले.

दादर, गिरगाव

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अविनाश स्वतः गाडी घेऊन लालबागेत आला. त्याने मामांना फेरी मारून आणायचे ठरवले होते. माझा मामा म्हणून; त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हते. चाळीतली माणसे गॅलरीत गोळा झाली. मंदा खाली आली नाही. "बाबांना हौस आहे, जाऊ देत," ती मला म्हणाली. "मी नाही बसणार चोराच्या गाडीत."

गाडीला मागे बसायची जागा म्हणून जी आहे ती मोठ्या पिशवीपुरती आहे. मामा पुढे, अविनाशच्या शेजारी. मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. छप्पर उघडे. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सांगलीत अशी गाडी आली तर लोक चार पावले मागे सरतात. दादरला पुढे सरतात. फुलबाजाराजवळ सिग्नलला थांबलो, तेव्हा एक झेंडूवाली टोपली कमरेवर घेऊन सरळ गाडीत वाकली.

"काय आजोबा, नवरदेव दिसताय! आणि वऱ्हाड मागे कोंबलंय होय?"

"वऱ्हाड सांगलीचा आसा," मामा म्हणाले. "कमी जेवता."

तिने हसत मामांच्या मांडीवर मूठभर पाकळ्या टाकल्या. अविनाश इतका हसला की सिग्नल सुटल्याचे त्याच्या ध्यानात आले नाही. त्या तीन दिवसांतली मला निखळ आठवावीशी वाटणारी घटना तेवढीच.

गिरगावात मी जन्मलो ती गल्ली अजून आहे. कोपऱ्यावर थांबून आम्ही तिघे पियूष प्यायलो, आणि मग अविनाशला माझी चाळ बघायची होती म्हणून गल्लीत शिरलो. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना खाली उघडी गाडी येईल याची कल्पना कशी असणार? पहिली धार बॉनेटवर पडली. "काकू, काकू!" असे ओरडत अविनाशने कळ दाबली. बारा सेकंदांत छप्पर मिटले आणि उरलेले पाणी त्याच्यावर पडले. आत सगळे कोरडे. मग मागच्या घडीतून एक थेंब माझ्या मानेवर पडला. मग दुसरा. मग तिथे सुरेख लयच लागली.

मामा वळले. माझ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते माझ्या डोक्यावरची घडी पाहत होते.

"पन्हळ खय आसा?"

"काय म्हणतायत?" अविनाशने विचारले.

"पट्टी वाकडी केल्यार पाणी थयच जमतला. खाली बांबवाची पन्हळ लागता, ह्या बाजूक उतरती." त्यांनी बोटाने रेघ ओढून दाखवली. "कागदार होती मरे, वसंता?"

कागदावर नव्हती. चिरलेल्या बांबूची पन्हळ यंत्राच्या आरेखनात शोभणार नाही म्हणून मी ती काढलीच नव्हती.

"काका, हीच एक तक्रार आहे या छपराची," अविनाश हळू म्हणाला. "दोन वर्षं डोकं आपटतोय आम्ही. तुम्हाला हे कसं माहीत?"

"आमच्या परळाक असाच एक छप्पर होता," मामा म्हणाले, आणि मान वळवून माझ्याकडे पाहू लागले. आपले नाव आपण सांगायचे नसते. त्यांनी दोर माझ्या हातात दिला होता. ओढायचे तेवढे बाकी होते.

"गणपतीच्या कारखान्यात होतं," मी म्हणालो. "असंच साधारण."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. अविनाशने आरशात माझ्याकडे पाहिले, बराच वेळ. मी मानेवरचे पाणी पुसत होतो.

लालबागेत उतरल्यावर त्याने मामांना वाकून नमस्कार केला. मामांना ते वयाला केलेले वाटले. मला तो एवढेच म्हणाला, "पन्हळीचं मला लिहून पाठव, वश्या. ज्याच्या नावाने पाठवायचं असेल त्याच्या नावाने." आणि गाडीत बसला.

दुपारी मंदाने नारळ फोडला. सोलकढी छान झाली होती. टॉवरमागे ऊन गेले तसे मामा खुर्ची ओढून माझ्याजवळ आले.

"वसंता, त्या कागदार माझा नाव होता मरे?"

मंदा भांडी आवरता आवरता थांबली.

"होतं, मामा."

"मगे तो तरी काय करतलो," मामा म्हणाले. "लोका कागद वाचनत नाय." मग म्हणाले, "तो कागद माका धाडून दी. भिंतीर लावतंय."

मंदाने लगेच मामींच्या तसबिरीशेजारची जागा वितीने मोजली. दोन विती आणि चार बोटे.

सांगली

ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने निघत नाही. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून ती अलगद खरवडायची, मग ती जागा नखाने घोटायची, नाहीतर नवी शाई फुटते. पस्तीस वर्षे मी हे मुलांना शिकवले. हात अजून स्थिर आहे. परवा मी मूळ कागद ट्रंकेतून काढला, पहिल्या घरातले माझे नाव खरवडले आणि तिथे मामांचे लिहिले. इंग्रजी ठळक अक्षरांत, कारण ती मामांना वाचता येतात. गिरणीतल्या यंत्रांवरून शिकले होते. मग पट्टीखाली पन्हळही काढली. बांबूचे पेर दाखवले. नवी शाई जुनीपेक्षा काळी दिसते, पण मामांची नजर आता तेवढी राहिलेली नाही.

अविनाशला अजून लिहिलेले नाही. मंदा अजून त्याला चोर म्हणते. मामा मासिके वाचत नाहीत आणि मंदाला वेळ नसतो. इतके सगळे मी इथे लिहू शकलो ते त्या भरवशावर.

आज सकाळी पार्सल बांधण्यापूर्वी कागद एकदा खिडकीच्या काचेवर धरून पाहिला. खरवडलेली जागा पातळ झाली आहे. तिथून उजेड जास्त येतो, आणि त्या उजेडात भिकाजी गोविंद परब या अक्षरांच्या मागे माझे नाव पुसट, पण पूर्ण, वाचता येते. फ्रेमवाल्याला मंदाने सांगितले आहे की मागे जाड पुठ्ठा घाल. भिंतीवर लागल्यावर पलीकडून उजेड येणार नाही.